ताईसाठी खोटे बोलणारा भाऊ

आपली सोळा वर्षांची मुलगी अभ्यासासाठी मैत्रिणीकडे जाते असे सांगून एका मुलाबरोबर फिरते, इन्स्टाग्रामवर तिचे दुसरे खाते आहे आणि हे सारे तिच्या बारा वर्षांच्या भावाला कित्येक महिने ठाऊक होते, असे आपण कळवले आहे. तिचा फोन काढून घ्यावा का, एवढेच आपण विचारता. मला मात्र त्या भावाची काळजी अधिक वाटते.

या वयातील मुलांनी मनातले काही आईवडिलांपासून राखून ठेवणे हा अपराध नव्हे. पण ती कुठे आहे हेच खोटे सांगितल्यामुळे, एखाद्या रात्री काही विपरीत घडले असते तर आपण तिला भलत्याच घरी शोधत बसला असता. शिवाय ‘ताई कुठे आहे?’ असे आपण विचारले, की त्या भावाला दर वेळी आई किंवा ताई यांपैकी एकीशी प्रतारणा करावी लागली. हा भार तिने त्याच्यावर टाकला, आणि तिच्या वागण्यातील खरा नैतिक दोष मला इथे दिसतो. त्या मित्राशी मैत्री करण्यात नव्हे.

फोन काढून घेतल्यास मैत्रिणीच्या फोनवर तिसरे खाते उघडेल. होकान स्टाटिन आणि मार्गारेट केर या मानसशास्त्रज्ञांनी स्वीडनमधील चौदा वर्षांच्या मुलांचा अभ्यास करून २००० साली दाखवले, की पालकांना मुलांविषयी जे ठाऊक असते ते मुख्यतः मुलांनी आपणहून सांगितलेले असते, पाळत ठेवून मिळवलेले नसते. शाळेत ज्या मैत्रीचे कुणाला नवल नाही, तिचे घरात नावही काढता येत नसेल, तर ती आपणहून काय सांगणार?

आधी आपल्या मुलाशी बोलावे. त्याला दोष देऊ नये आणि यापुढे बहिणीची खबर काढण्यासाठी त्याचा उपयोगही करू नये. मग मुलीला त्या मित्राचे वय विचारावे. तो सज्ञान असेल, धमकावत असेल किंवा खासगी छायाचित्रे मागत असेल, तर शाळेतील समुपदेशकाची आणि गरज पडल्यास पोलिसांची मदत घ्यावी. तसे नसल्यास भेटण्याची मोकळीक द्यावी, मात्र ठिकाण आणि परतण्याची वेळ खरी सांगण्याच्या अटीवर. भावाची क्षमा तिने स्वतः मागावी.

यातले काहीच पतीला सांगितलेले नाही, असे आपण पत्राच्या अखेरीस लिहिता. मुलीशी बोलण्यापूर्वी ते सांगावे.