छातीत दुखलं की लगेच सॉर्बिट्रेट ही हृदयाच्या दुखण्यावरची गोळी जिभेखाली ठेवावी का?

इंदूरला राजवाड्यामागच्या गल्ल्यांत राहता, 108 पोचेपर्यंत बाबांना काय द्यावं, हे तुम्ही विचारलंत. आधी 108 ला फोन, मगच गोळ्यांचा डबा.

पहिली गोळी अ‍ॅस्पिरिन, एकूण 300 मिग्रॅ. घरात 75 ची असेल तर चार. चावूनच खायला सांगा. 75 च्या गोळीवर बहुधा आतड्यात विरघळणारं आवरण असतं, अख्खी गिळली तर असर उशिरा होतो. अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी, रक्ताची उलटी, काळी शौच, किंवा तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं असेल तर मुळीच नको.

खरा धोका सॉर्बिट्रेटचा. ती रक्तवाहिन्या सैल करते, बीपी झपाट्याने उतरतं. वरचा आकडा 90 च्या खाली असेल, घाम येऊन चक्कर असेल, किंवा 24 तासांत सिल्डेनाफिल, 48 तासांत टॅडालाफिल (दोन्ही व्हायग्रासारख्या लैंगिक ताकदीच्या गोळ्या) घेतलेली असेल तर देऊ नका. (हे बाबा स्वतःहून सांगणार नाहीत, संकोच सोडून विचाराच.) डॉक्टरांनी त्यांच्याच नावाने लिहून दिली असेल तरच, तीही बसवून. शेजारच्या काकांची उसनी नको.

दिलेली गोळी, मात्रा, वेळ कागदावर लिहून अ‍ॅम्ब्युलन्सवाल्याच्या हातात द्या, नाहीतर तोच डोस पुन्हा दिला जातो.