आधी चालून ये, मग रेघ ओढ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझा परवाचा निरोप दोनदा वाचला. चार रात्री जागून तू बडोद्यातल्या गोत्रीकडच्या सोसायट्यांतली साडेचारशे घरं ओपनस्ट्रीटमॅपवर, लोकांनीच मिळून काढलेल्या त्या मोकळ्या नकाशावर, काढलीस, आणि पाचव्या दिवशी कुणा अनोळखी माणसानं तुझ्या चेंजसेटखाली, म्हणजे तू एकदम जतन केलेल्या बदलांच्या गठ्ठ्याखाली, लिहिलं: घरं रस्त्यावर सरकली आहेत, काही दोनदा पडली आहेत, हे कुठून घेतलंत? ‘फुकट राबायचं आणि वर बोलणी खायची’ असं तू चिडून लिहिलंस. चिडचीड व्हायचीच. पण त्या माणसाला तू अजून उत्तर दिलेलं नाहीस, ते मात्र मला आवडलं नाही.

आज रात्री जेवायच्या आधी उत्तर लिही. ‘तुमचं बरोबर आहे, चित्र सरकलेलं होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही, आठवड्याभरात दुरुस्त करते’, एवढं पुरे. तो कुणी साहेब नाही. या नकाशाला साहेबच नाहीत. तुझ्यासारखाच कुणीतरी आहे. कदाचित जर्मनीत बसला असेल, कदाचित कारेलीबागेत. तुझं काम उघडून त्यानं एकेक घर पाहिलं, म्हणजे तुझ्या कामाला त्यानं आपला वेळ दिला. माझ्या पहिल्या दोन वर्षांत माझ्या चुकांकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही. त्या वेळी मला ते बरं वाटायचं. आज वाटतं, कुणीतरी टोकायला हवं होतं.

आता चूक कुठे झाली ते सांगते. आपण ज्यावर रेघा ओढतो ते उपग्रहाचं चित्र जमिनीवर तंतोतंत बसलेलं असतंच असं नाही. कधी दोन मीटर, कधी पाच-सात मीटर ते बाजूला गेलेलं असतं, आणि चित्र पुरवणारा बदलला की सरकणंही बदलतं. म्हणून पहिलं घर काढण्याआधी त्या भागातून लोकांनी चालत किंवा गाडीवरून नोंदवलेले जीपीएसचे माग पडद्यावर आणायचे, ते रस्त्याच्या मधोमध पडताहेत का ते बघायचं, आणि चित्र तेवढं सरकवून घ्यायचं. एकच माग असेल तर त्याच्यावर विसंबू नकोस, पाच-सहा असतील तर त्यांचा मध्य धर. दुसरं असं की उंच इमारत उपग्रहाला तिरकी दिसते. तू छपराची कड धरलीस. धरायला हवा होता पाया, जिथे भिंत जमिनीला टेकते तो. सात मजली इमारतीत हा फरक एखाद्या गल्लीच्या रुंदीएवढा होतो. आणि घरं दोनदा पडली, कारण आधी कुणी काढून ठेवलेली तू डाउनलोड न करताच कामाला लागलीस. हे सगळं दुरुस्त होणारं आहे. या नकाशाचा सगळा इतिहास राहतो, कुणी काय काढलं, कुणी काय पुसलं, ते दिसतं. त्याचा धाक वाटून घेऊ नकोस, त्याचा आधार वाटू दे.

हे मी इतकं का लावून धरते, त्याला कारण आहे. ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

२०१३ च्या उन्हाळ्यात मी वाडी भागातल्या पोळा, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या दाट घरांच्या जुन्या गल्ल्या, काढत होते. शाळेला सुट्टी होती, दुपारभर पंख्याखाली बसून काम चालायचं. एका ठिकाणी दोन पोळांची टोकं समोरासमोर आलेली दिसली आणि मधे एक काळी पट्टी. मला वाटलं, बोळ आहे. मी दोन्ही टोकं जोडून टाकली. घरापासून पंधरा मिनिटांवरची जागा, पण ऊन फार होतं म्हणून गेले नाही. दोन वर्षांनी त्याच बाजूनं भाजी घेऊन येत होते, तर पोळेच्या आतल्या टोकाला एक मुलगा स्कूटर लावून उभा. हातात औषधाचं पार्सल, घामानं निथळलेला. मला म्हणाला, ‘काकू, इथून पलीकडे निघतं ना?’ त्याच्या फोनवर माझी रेघ होती. समोर भिंत होती. ती काळी पट्टी म्हणजे त्या भिंतीची सावली होती. त्याला पार बाहेर येऊन दरवाज्याकडून वळसा घालून जावं लागलं, आणि पलीकडे कुणीतरी त्या औषधाची वाट पाहत होतं.

घरी आल्यावर भाजी तशीच ठेवली, ती रेघ पुसली, भिंत काढली. त्या दिवसापासून मी न चाललेली वाट जोडलेली नाही. तूही जोडू नकोस. दोन रस्ते मिळतात की नाही हे छायाचित्रावरून कळत नसेल तर मधे जागा मोकळी सोड आणि तिथे एक नोट टाक: ‘जाऊन बघायला हवं’. अर्धी माहिती बघणाऱ्याला सावध करते. चुकीची माहिती त्याला भिंतीपर्यंत घेऊन जाते.

दुरून काढणं वाईट असं माझं म्हणणं नाही. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा पोर्ट-ओ-प्रिन्सचा धड नकाशाच नव्हता. जगभरातल्या लोकांनी घरी बसून, ताज्या उपग्रहचित्रांवरून काही दिवसांत तो काढला आणि मदत पथकांनी वापरला. एप्रिल २०१५ मध्ये नेपाळसाठी हजारो हात लागले. तिथे जाणं शक्यच नव्हतं. पण तुला गोत्री किंवा वाडीला जायला काय लागतं? स्कूटर आहे, पाय आहेत, आणि गुजराती तर तू माझ्यापेक्षा छान बोलतेस.

त्या माणसानं ‘हे कुठून घेतलंत’ असं विचारलं, त्यामागेही संशय नव्हता. हा प्रकल्प २००४ साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्ट यांनी सुरू केला, तो याच दुखण्यातून की लोकांच्या पैशानं तयार झालेले तिथले सरकारी नकाशे लोकांनाच मोकळेपणानं वापरता येत नव्हते. तेव्हा दुसऱ्याच्या नकाशावरून एक अक्षरही उचलायचं नाही हा इथला पहिला नेम. गूगलच्या नकाशात दुकानाचं नाव बघून इथे लिहिणं म्हणजेसुद्धा उचलणंच. २०१२ मध्ये परवाना बदलला तेव्हा ज्यांनी नव्या परवान्याला होकार दिला नाही त्यांचं काम नकाशातून काढावं लागलं, आणि त्याच्यावर इतरांनी रचलेल्या कामालाही झळ बसली. माहिती कुठून आली हे किती महत्त्वाचं आहे ते तेव्हा सगळ्यांना कळलं. म्हणून चेंजसेटच्या शेऱ्यात ‘अपडेट’ असा एक शब्द टाकून मोकळी होऊ नकोस. लिही: ‘दांडिया बाजार, दुकानांची नावं, रविवारी स्वतः फिरून’. दहा वर्षांनी वाचणाऱ्यालाही ते पटेल.

या मोकळेपणाचा विचार करताना मला नेहमी आपल्या मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी आठवते. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बोलावलं आणि संस्थानात गावोगाव पुस्तकालयं उभी केली. जिथे पुस्तकालय नव्हतं तिथे पुस्तकांच्या पेट्या फिरायच्या. माझे आजोबा अशाच एका पेटीतल्या पुस्तकांवर वाचायला शिकले, असं घरात सांगत. पुस्तक कुणी का पाठवेना, ते गावाचं होतं. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये मी काही घातलं की मला ती पेटी भरल्यासारखं वाटतं.

आता नावांबद्दल. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण बडोद्यात खरं काम नावांचंच आहे, आणि ते तुझ्या-माझ्यासारख्या दोन भाषांत वाढलेल्या माणसांनीच करायला हवं.

‘नेम’ या मुख्य रकान्यात जागेवर जे नाव चालतं ते जातं. गुजराती नाव ‘नेम’पुढे गुजरातीची खूण लावून वेगळ्या रकान्यात, मराठी तसंच मराठीच्या. मराठी नाव लिहायचं म्हणजे भाषांतर करायचं नाही. घडियाळी पोळ ही घडियाळी पोळच. तिची ‘घड्याळ गल्ली’ करशील तर ती कुणालाच सापडणार नाही. १८७९ ची आपली मोठी बाग फलकावर सयाजीबाग आहे, पण रिक्षावाल्याला सांगताना तू कमाटीबागच म्हणतेस. ते दुसरं चालू नाव. त्यासाठी पर्यायी नावाचा रकाना आहे, तिथे जरूर घाल, म्हणजे शोधणाऱ्याला दोन्ही नावांनी बाग मिळेल. जुन्या नावाचा रकाना वेगळा, ज्या नावानं आता कुणी हाक मारत नाही त्यासाठी. १९७४ मध्ये शहराचं अधिकृत नाव वडोदरा झालं, म्हणून कुणी ‘बडोदे’ हे जुन्या नावात टाकायला निघालं तर त्याला शांतपणे समजाव की मराठीत हे नाव आजही घरोघर बोललं जातं, ते मराठीच्या रकान्यातलं आहे.

नाव विचारताना एकालाच विचारू नकोस. ओट्यावर बसलेल्या आजींना विचार, कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचार, आणि पोस्टमन भेटला तर त्याला सोडूच नकोस. तिघांचं जुळलं तर लिही. नाही जुळलं तर तिन्ही वहीत उतरव आणि पुढच्या रविवारी परत जा. एकाच बोळाला मराठी घरं एक म्हणतात आणि गुजराती घरं दुसरं, असं मला अनेकदा आढळलं. दोन्ही खरी असतात.

पोळेत गेलीस की सोबत टेप ठेव. सर्वांत अरुंद जागी रुंदी मोजून लिही. आतून हातगाडी जाते, रिक्षा जात नाही, अग्निशमनची गाडी तर दरवाज्याशीच थांबते. हे नकाशात नसेल तर नकाशा सगळ्या वाटा सारख्याच समजतो. आणि ‘हायवे’ या टॅगला, म्हणजे वस्तूचा प्रकार सांगणाऱ्या खुणेला, बिचकू नकोस. या नकाशात माणूस जेमतेम चालेल अशी पायवाटसुद्धा ‘हायवे’च असते, पुढे लिहिलेल्या शब्दानं ती पायवाट ठरते. भिंती उंच असल्यानं पोळेत जीपीएस भरकटतो, फोनवरचा ठिपका शेजारच्या घरात जाऊन बसतो. तिथे पावलं मोज आणि कागदावर काढ.

पाण्याचं तर सांगायलाच हवं. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात जवळजवळ ५०० मिलिमीटर पाऊस पडला तो तुला आठवत असेल, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी शहरात शिरली तेव्हा तर तू स्वतः गच्चीवरून पाणी वाटत होतीस. त्या दिवसांत नकाशात साचलेलं पाणी काढायला अनेक जण निघाले. ते इथे काढत नाहीत, दोन दिवसांत ओसरणारं ते. इथे काढायच्या त्या कायमच्या गोष्टी: कुठला पूल, कुठला नाला, कुठली पायरी नदीकडे उतरते, कुठल्या शाळेला पक्की गच्ची आहे. आपल्याकडच्या कांसी, म्हणजे पावसाचं पाणी वाहून नेणारे नाले, बघ. भूखी कांस म्हटलं की जुन्या माणसाला कळतं, पण बाहेरून आलेल्या माणसाला कांस म्हणजे काय तेच ठाऊक नसतं, आणि कितीतरी ठिकाणी ती रस्त्याखाली झाकलेली आहे. ती कुठे उघडी आहे, कुठे झाकली, कुठे मोरीतून जाते, हे एकेक तुकडा चालून नोंदवलं पाहिजे. मी कांसेचा एक तुकडा दोन हिवाळ्यांत पुरा केला. बाकीच्यासाठी माझे गुडघे आता साथ देत नाहीत. हे काम तू घेशील का, हा प्रश्न मी या पत्रातून तुला विचारतेच आहे.

एक मात्र जप. विश्वामित्रीत मगर दिसली म्हणून तिथे खूण टाकू नकोस, मगर उद्या दुसरीकडे असते. धोक्याचा फलक लावलेला असेल तर तो फलक काढ. लोकांच्या दारावरच्या पाट्या नकाशात नेऊ नकोस. रावपुऱ्यातला तांबेकर वाडा हे जागेचं नाव आहे, साऱ्या गावाला माहीत असलेलं, ते हवंच. पण दुसऱ्या मजल्यावर कोण राहतं हे त्या कुटुंबाचं आहे. लष्कराच्या आवारात आत काय आहे तेही आपलं काम नाही. १५ फेब्रुवारी २०२१ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी आपल्याकडे नकाशाचं काम बरंच मोकळं केलं, तेव्हा त्या मोकळीकीला साजेसं वागावं.

जोसमच्या, म्हणजे संगणकावर नकाशा काढायच्या प्रोग्रॅमच्या, मागे लगेच लागू नकोस. महिनाभर फोनवर स्ट्रीटकम्प्लीट हे अ‍ॅप ठेव, तुझ्या घराच्या चारी बाजूंना फीर, ते विचारतं त्याची उत्तरं दे: रस्ता डांबरी की फरशीचा, इमारतीला मजले किती, दुकान कधी उघडतं. माहीत नसेल तिथे सोडून दे. डोळ्याला सवय लागेल. मग संगणकावर बस.

गोत्रीची घरं एकटी दुरुस्त करू नकोस. येत्या रविवारी सकाळी सात वाजता लहेरीपुरा दरवाज्याशी ये, ऊन चढायच्या आत दोन पोळा चालून होतील. नंतर शेव-उसळ खाऊ आणि माझ्याकडे येऊन ती साडेचारशे घरं दोघी मिळून सरकवू. वही कोऱ्या पानांची आण, रेघांची नको. पेन्सिली माझ्याकडे आहेत.

तुझी,
काकू
बडोदे