परदेशात अडकलेल्या कामगारासाठी नाशिकहून कायदेशीर कारवाई करता येते का?

अंबडच्या कारखान्यातला आपला वेल्डर भाऊ दलालाला तीन लाख देऊन आखातात गेला, तिथे पासपोर्ट काढून घेऊन पगार निम्म्यावर आणला, असे आपण लिहिले आहे. कारवाई नक्कीच करता येते आणि तिची सुरुवात नाशिकमधूनच होते.

उत्प्रवास कायदा, 1983 नुसार भरती एजंटाला नोंदणी बंधनकारक असून त्याला कामगाराकडून 30,000 रुपये आणि जीएसटी यांपेक्षा अधिक सेवाशुल्क घेता येत नाही. म्हणजे तीन लाखांची वसुली हाच मोठा पुरावा ठरतो. फसवून शोषणासाठी नेले असेल, तर भारतीय न्याय संहितेचे मानवी तस्करीविषयीचे कलम 143 लागू शकते आणि त्यात पीडिताची संमती गैरलागू ठरते, त्यामुळे ‘तो राजीखुशीने गेला होता’ हा दलालांचा ठरलेला बचाव तिथे टिकत नाही. अंबड पोलीस ठाण्यात फिर्याद द्या, परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ या तक्रार पोर्टलवर तिथल्या भारतीय दूतावासासाठी तक्रार नोंदवा.

असे खटले जिंकता येतात. कॅटरिना वादळानंतर अमेरिकेत नेलेल्या भारतीय वेल्डर व पाइपफिटरांकडून सिग्नल इंटरनॅशनल ही कंपनी गर्दीच्या छावणीतल्या खाटेसाठी महिना 1,050 डॉलर कापत असे. 2015 मध्ये न्यू ऑर्लिन्सच्या ज्यूरीने त्यांपैकी पाच जणांना 1.4 कोटी डॉलर भरपाई मंजूर केली.

दलालाचे व्हॉट्सॲप संदेश आणि बँकेच्या नोंदी आजच जपून ठेवा; रोख दिलेल्या रकमेसाठी साक्षीदार लागेल.