मोज्याची शिवण

“हा मुद्दाम करतो, की याला खरंच काही होतं?” इंदूरच्या लोकमान्यनगरातल्या एका आईचा हा प्रश्न. थोड्याफार फरकानं बरेच पालक हेच विचारतात. मुलगा सहा वर्षांचा, पहिलीतला. मोजे घालायचे म्हटलं की किंचाळणं, लाथा, कधी कधी चाळीस मिनिटं. मिक्सर लागला की कानांवर हात. आणि हाच मुलगा सोफ्यावरून धबाधब उड्या मारतो, वर्गात पोरांना धडकतो. आजींचं निदान तयार होतं: “लाडावलाय. आवाज सोसत नाही म्हणे, मग स्वतःचा धिंगाणा बरा चालतो!”

आजींचं निरीक्षण अगदी बरोबर होतं, निष्कर्ष तेवढा चुकला. एकाच मुलाला स्पर्श आणि आवाज नको तितके टोचतात, आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव मात्र कमी पडते, असं होऊ शकतं. ती भरून काढायला तो आदळतो, ढकलतो. अमेरिकेतल्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं जमावीत म्हणून उपचार करणाऱ्या) जीन एअर्स यांच्या कामाचा भर याच जाणिवेवर आणि आतल्या कानातल्या तोलाच्या जाणिवेवर होता.

आधी आईला दहा दिवस वही ठेवायला सांगितली: रडणं किती वाजता, त्याआधीच्या अर्ध्या तासात काय झालं, किती वेळानं शांत झाला, रात्रीची झोप किती. वहीत दिसलं ते असं. सात ते साडेसातच्या दरम्यान कचरागाडीचं गाणं, चटणीचा मिक्सर आणि कुकरच्या शिट्ट्या एकत्र आल्या, की त्या दिवशी मोज्यांवरून रण पेटायचं. भांडं आधीच काठोकाठ भरलेलं; मोज्यानं फक्त सांडायचं.

मग चटणी रात्रीच वाटायची ठरली. मोजे उलटे, शिवण बाहेरच्या बाजूला. शर्टाचं लेबल कात्रीनं कापलं तर उरलेला खुंट जास्तच टोचतो, म्हणून टाके उसवून काढलं. कपडे घालण्याआधी दहा मिनिटं जोराचं काम: दहा वेळा भिंत ढकलणं, धुण्याची भरलेली बादली सरकवणं, आजींच्या परातीतली कणीक तिंबणं. पायांना तळव्यानं घट्ट, संथ दाब द्यायचा, बोटं हलकी फिरवायची नाहीत. हलका स्पर्श मज्जासंस्थेला जागं करतो, खोल दाब बहुधा शांत करतो. कुरवाळल्यावर मूल आणखी चिडतं ते बरेचदा यामुळेच.

एक गडबड झाली. वडिलांनी उत्साहानं आवाज रोखणारे हेडफोन दिवसभर लावून ठेवले. तीन आठवड्यांत त्याला पंख्याची घरघरही सोसेना. शांततेची सवय झाली की साधा आवाजही मोठा वाटतो. हेडफोन वरातीत, रंगपंचमीच्या गेरमध्ये (इंदूरची रंगांची मिरवणूक), घरी नाहीत. वजनदार पांघरूणही मागवणार होते, ते थांबवलं. लहान मुलाला ते स्वतःहून बाजूला करता आलं नाही तर धोका असतो, म्हणून थेरपिस्टनं सांगितल्याशिवाय नको.

शाळेला दोनच विनंत्या केल्या: जागा दाराजवळ नको, आणि वह्यांचा गठ्ठा उचलून वाटायचं काम याला द्या.

श्रवणचाचणी आणि विकासात्मक बालरोगतज्ज्ञांची तपासणीही करवून घेतली. अशी लक्षणं स्वमग्नतेत (ऑटिझम) किंवा एडीएचडीमध्येही (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा) दिसतात. मूल हाकेला ओ देत नसेल, बोलणं मागे असेल, तर ही तपासणी पुढे ढकलू नये.

दोन महिन्यांनी मोज्यांचं रडणं दहा मिनिटांवर आलं, तेही रोज नाही. केस कापणं अजून बाकी आहे. पहिल्या फेरीत दुकानात नुसतं बसायचं, दुसऱ्या फेरीत बंद ट्रिमर तळहातावर धरायचा, तिसऱ्या फेरीत चालू. सध्या दुसरी फेरी चालू आहे.