पऱ्हाट्यांच्या गॅसला सिरॅमिकची गाळणी चालेल का?

भाऊ, तुमचा प्रश्न असा, की पऱ्हाट्यांवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) चालणाऱ्या गॅसिफायरचा, म्हणजे कमी हवेत जाळून जळाऊ गॅस करणाऱ्या भट्टीचा, गरम गॅस पाण्याने न धुता सिरॅमिक मेम्ब्रेनमधून, म्हणजे बारीक भोकांच्या भाजलेल्या नळीतून, गाळून इंजिनाला देता येईल का, आणि ती नळी गावच्या कुंभाराकडून भाजून घेता येईल का.

राख अडेल, पऱ्हाट्यांतून निघणारं चिकट डांबर नाही. साधारण 350 अंशांच्या वर डांबर वाफेच्या रूपात असतं. ते गॅससोबत भोकांतून निघून जातं आणि पुढे थंड झालं की व्हॉल्व्हला चिकटतं. इंजिनाला गॅस थंडच लागतो, म्हणजे डांबर काढणं काही सुटत नाही. राख मात्र आधीच कोरडी निघाली, तर धुण्याच्या टाकीतला तो काळा चिखल बराच कमी होतो.

गाळणी 400 ते 500 अंशांत ठेवा. राखेत पोटॅश असतं. फार तापलं की त्याची वाफ होते आणि ती सिरॅमिकलाच खाते.

आता कुंभाराचं. माठ झिरपतो, म्हणजे भोकं आहेतच. पण गाळणी साफ करायला उलटा गार झोत मारावा लागतो, त्यात माठाची माती तडकेल. सिलिकॉन कार्बाइडची तयार नळी घ्या. आणि झोत नायट्रोजनचा बरं का, हवेचा मारला तर आत पेट घेईल.

हायड्रोजनसारखा एकच वायू वेगळा काढणारं मेम्ब्रेन हा निराळाच खेळ आहे. हायड्रोजनचा रेणू 0.29 नॅनोमीटर, नायट्रोजनचा 0.36, एवढ्याशा फरकावर चाळायचं. शिकत असताना मी अ‍ॅल्युमिनाच्या नळीवर बोहेमाइटचा (अ‍ॅल्युमिनाच्याच पाणी धरलेल्या रूपाचा) थर चढवायचो. एकदा मे महिन्यात नळी तशीच पंख्याखाली वाळवली. सूक्ष्मदर्शकाखाली पाहतो तर काय, वैशाखातलं आपलं काळं रान! कारणही तेच: पाणी जातं, थर आकसतो, खालचा भाग मात्र हलत नाही, मग भेगा. पुढे 40 अंश आणि 60 टक्के आर्द्रतेच्या कपाटात हळूहळू वाळवून 600 अंशांवर भाजला, तेव्हा टिकला. त्यावरचा, हायड्रोजन चाळणारा सिलिकाचा थर तर गरम वाफेने आकसतो, भोकं बुजतात. पऱ्हाट्यांचा गॅस ओलसरच, म्हणून त्या वाटेला जाऊ नका.

खरी डोकेदुखी जोडाची. तापल्यावर पोलाद सिरॅमिकपेक्षा जास्त फुगतं, आणि गळती तिथूनच सुरू होते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, तेव्हा शेडला भिंती घालू नका.