पँटो लिहिण्याआधी एवढं बघ
कोल्हापुरात नवा आलायस म्हणून सांगतो. तांबड्या रश्श्यानं होणारी जळजळ वेगळी आणि आयसीयूतला स्ट्रेस अल्सर वेगळा. तिथं जठराच्या अस्तराला रक्त कमी पडतं, म्हणून जखमा होतात. तेव्हा प्रत्येक बेडला पँटोप्राझोल, म्हणजे जठरातलं आम्ल कमी करणारं आपलं पँटो, लिहायची सवय लावून घेऊ नकोस. आधी बघ: व्हेंटिलेटर 48 तासांच्या वर जाणार का, रक्त गोठण्यात बिघाड आहे का.

2024 च्या रिव्हाइज चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मोठा रक्तस्राव पँटोप्राझोलवर 1 टक्का झाला, प्लासिबोवर, म्हणजे औषध नसलेल्या नकली डोसवर, 3.5, मृत्यूंत मात्र फरक नाही. 2020 च्या पेप्टिक चाचणीत पीपीआय, म्हणजे पँटोच्या जातीच्या औषधांच्या गटात रक्तस्राव 1.3 टक्के, रॅनिटिडीनसारख्या औषधांच्या गटात 1.8. म्हणून मी पँटोच देतो, 40 मिलिग्रॅम शिरेतून, दिवसातून एकदा. रॅनिटिडीन दिलंस तर क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, बघून डोस उतरव. जठरावर थर धरणारं सुक्राल्फेट पोटात घातलेल्या नळीत अडकतं. मला नाही आवडत.

आणि वॉर्डात हलवताना पँटो बंद कर बाबा! डिस्चार्ज कार्डावर चुकून राहिलेली गोळी वर्षभर इमानदारीनं खाणारे आजोबा मी ओपीडीत पाहिलेत.