घरात कुणालाच नाही, मग मुलाला आनुवंशिक आजार कसा?

विट्याच्या ताई, तुमच्या नऊ वर्षांच्या मुलाचा रिपोर्ट वाचला. दोन्ही किडन्या लहान, आत बारीक सिस्ट (पाण्याच्या पिशव्या), रक्तातलं क्रिएटिनिन २.६ (किडनी नीट काम करत नसली की हे चढतं), डॉक्टरांना नेफ्रोनॉफ्थिसिस ह्या किडनीच्या आनुवंशिक आजाराची शंका. सासरचे म्हणतात, 'आमच्यात कुणाला नाही, हे तुमच्याकडूनच आलं.' आधी त्यावरच बोलते, कारण माझ्या मुलीलाही हाच आजार आहे आणि तासगावात मीही हेच ऐकलंय.

ह्या आजाराला बिघडलेल्या जनुकाच्या दोन प्रती लागतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. एकच प्रत असलेला माणूस ठणठणीत असतो, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या पत्ता लागत नाही. आमचे मालक माझे सख्खे आतेभाऊ. आपल्याकडे मामाची मुलगी करतात, आणि अशा लग्नात एकाच आजोबा-आजीकडची तीच प्रत दोघांकडे असण्याची शक्यता वाढते. नात्याबाहेरच्या लग्नातही हे होऊ शकतं. बाईला बोल लावायला जागाच नाही, ताई. अर्धा वाटा वडिलांचाच असतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. अंथरूण ओलं करतो म्हणून संध्याकाळनंतर पाणी बंद केलंय असं तुम्ही लिहिलंय. ते आजच थांबवा. ह्या मुलांच्या किडनीला लघवी घट्ट करता येत नाही, पाणी आणि बऱ्याचदा मीठही वाहून जातं. मूल हट्टानं पाणी मागत नाही, त्याच्या अंगाला ते लागतंच. डॉक्टर सांगेपर्यंत पाणी किंवा मीठ तोडू नका. उलट्या-जुलाब लागले तर घरी वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात न्या, क्रिएटिनिन झपकन चढतं. शाळेत बाईंना सांगून बाटली जवळ ठेवायची आणि लघवीला जायची मुभा घ्या. सांगलीकडचा एप्रिल काय असतो ते तुम्हाला ठाऊकच आहे. तापाला, दुखण्याला आयब्युप्रोफेनसारखी गोळी मनानं देऊ नका, आणि मुतखड्याचा काढा तर नकोच.

माझ्या मुलीला रात्री तीन-तीनदा तांब्या लागायचा. सातव्या वर्षी पुन्हा अंथरूण ओलं व्हायला लागलं. एका ठिकाणी जंताचं औषध मिळालं, दुसरीकडे हिमोग्लोबिन ७ बघून लोहाच्या गोळ्या. अंगावर सूज नाही, बीपी बरोबर, लघवीत प्रथिनं जवळपास नाहीतच, त्यामुळे किडनीकडे कुणी बघितलंच नाही. दीड वर्ष गेलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

नेटवर 'किडनीत सिस्ट' शोधलं की पॉलिसिस्टिक किडनीचीच माहिती येते. मोठ्या माणसांत दिसणारा तो आजार वेगळा. तो बहुधा एकाच पालकाकडून येतो आणि त्यात किडन्या फुगत जातात. त्यावरचं टॉल्वाप्टॅन हे औषध लघवी आणखी वाढवतं, ते आपल्या मुलांसाठी नाही.

जनुक तपासणीत एनपीएचपी१ ह्या जनुकाचा तुकडा गळालाय का हे खास बघायला सांगा. बऱ्याच मुलांत तेवढ्यावर निदान होतं आणि बायोप्सीची सुई टळू शकते. डोळ्यांचा पडदा आणि लिव्हरही तपासून घ्या, काही मुलांत तिथेही त्रास असतो. वाढ आणि हिमोग्लोबिनसाठी इंजेक्शनं आहेत, पण किडनी खराब होणं थांबवणारं औषध अजून नाही. हे तुमच्यापासून लपवणार नाही. बहुतेक मुलांना तेराव्या वर्षाच्या आसपास डायलिसिस किंवा प्रत्यारोपण लागतं. मात्र बसवलेल्या किडनीत हा आजार परत येत नाही, तिची जनुकं दात्याची असतात. एक प्रत असूनही पूर्ण तपासणीनंतर आईवडिलांना बऱ्याचदा देता येते. मी दिली. मुलगी आता बारावीत आहे.

जमलं तर पुढच्या वेळी सासूबाईंना सोबत न्या. माझ्या सासूबाई म्हणजे माझी आत्याच. 'हे तुझ्या आईकडून आलं' म्हणायची. डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या, एक माझ्या वडिलांकडून, दुसरी तिच्याकडून. ती काही बोलली नाही, पण त्या रात्रीपासून नातीचा तांब्या तीच भरून ठेवायला लागली.

मुलाचं निदान हेच निघालं तर तुमच्या धाकट्या मुलीलाही हा आजार असण्याची शक्यता चारात एक आहे. तिची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन ह्याच आठवड्यात करून घ्या.